वही लपवून ठेवू नका



"दादा, आमचं शिक्षण ते केवढं, आम्ही काय लिहिणार?" असे आमच्या भगिनी विचारतात. त्यांना मी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे नाव सांगतो.

बेबीताईंचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली. पुढे दुकानात बसूनच त्या लिहू लागल्या. वीरगावच्या महारवाड्यातील बायकांचे हाल, बाबासाहेबांच्या चळवळीने आलेली जाग, सारे त्यांनी आपल्याच बोलीत लिहिले. परंतु वही नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून लपवीत. एक-दोन नव्हे, वीस वर्षे! बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरातही बाईला वही लपवावी लागत होती, हे आपण पुरुषांनी नीट ऐकून घ्यावे.

फलटणला राहून मराठी शिकविण्याची पुस्तके लिहिणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना या लेखनाविषयी कळले. हे छापून आलेच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघाले. २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले.

बंधूंनो, घरात कोणी लिहीत असेल तर संध्याकाळचा तासभर तिला मोकळा द्या. स्वयंपाकाचे तेवढ्यापुरते तुम्ही बघा. आणि भगिनींनो, रविवारी वंदनेनंतर वही घेऊन विहारात या. शुद्धलेखनाची काळजी नको, ते मी पाहीन.