धक्क्यावर ‘नाही’ म्हणणारा कोण?

मल्याळम कवी कुमारन आशान यांचा मृत्यू १६ जानेवारी १९२४ रोजी केरळातील पल्लना येथे झाला. ‘रिडीमर’ नावाच्या ज्या बोटीतून ते रात्रीचा प्रवास करीत होते, ती उतारूंनी खच्चून भरली होती आणि वाटेत उलटली. सुमारे शंभर वर्षांनी, ७ मे २०२३ रोजी, त्याच केरळात तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जण दगावले. हीदेखील क्षमतेहून अधिक भरलेली आणि दिवस मावळताना पाण्यात गेलेली. शिवाय मुळात मासेमारीची बोट, पर्यटकांसाठी फेरफार केलेली. दोन काळांतील साम्य शोधताना इतिहासाच्या अभ्यासकाने जपून राहावे हे खरे. येथे मात्र ते ओढूनताणून आणावे लागत नाही.

मधल्या नोंदीही पाहाव्यात. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात दुमजली बोट कलंडली. वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले आणि ४५ जणांना जीव गमवावा लागला. सप्टेंबर २०१९मध्ये गोदावरीला पूर असताना पापिकोंडलूच्या सहलीला निघालेली बोट कच्चुलूरूजवळ बुडाली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या; बोटीतील अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईहून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली व १५ जण मृत्युमुखी पडले. त्या धडकेचा दोष प्रवासी बोटीचा नव्हे; परंतु ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, हेही विसरता येत नाही.

यावर ‘कडक कायदा करा’ ही मागणी ठरलेली. कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. उत्तर भारतातील तरींविषयीचा कायदा १८७८चा, अंतर्देशीय बाष्पनौकांचा १९१७चा. त्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१मध्ये संमत झाला. त्यात सर्वेक्षण, नोंदणी, विमा आणि बिनयांत्रिक नावांची स्थानिक पातळीवरील नोंद, या सगळ्यांची तरतूद आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१७मध्येच प्रसिद्ध केली.

प्रशासनात असताना अशा दुर्घटनांचे चौकशी अहवाल मी पुष्कळ वाचले. त्यांतील शिफारशींचा मजकूर एकमेकांशी इतका जुळे की, नदीचे नाव झाकले तर अहवाल कोणत्या राज्याचा हे कळू नये. तलाव एकाचा, पर्यटन दुसऱ्याचे, परवाना तिसऱ्याचा, बंदोबस्त चौथ्याचा. या वाटणीत ज्या क्षणी बोट धक्का सोडते, त्या क्षणी तिला थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस तेथे उभा नसतो. बोट भरली की नाही हे तोच ठरवतो, ज्याचे उत्पन्न ती भरण्यावर अवलंबून आहे. त्यातच जलविहाराचा ठेका सर्वाधिक बोली लावणाऱ्याला दिला जातो. ती रक्कम वसूल करायची तर प्रत्येक फेरीत चार माणसे जास्त बसवावीच लागतात. असा करार करून शासन गर्दीची तजवीज स्वतःच करून ठेवते.

म्हणून मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, प्रत्येक अधिकृत धक्क्यावर ठेकेदाराच्या पगारावर नसलेला एक जबाबदार कर्मचारी असावा. माणसे मोजणे, हवामान व पाण्याची पातळी पाहणे आणि गरज पडल्यास फेरी रद्द करणे, एवढेच त्याचे काम. कच्चुलूरूनंतर आंध्र प्रदेशाने नियंत्रण कक्षांचा मार्ग धरला, तो याच दिशेचा आहे. दुसरी, लाइफ जॅकेट बोटीवर असणे पुरेसे मानू नये; ते बंद बांधून अंगावर असल्याखेरीज बोट सुटू नये आणि मुलांसाठी मुलांच्याच मापाचे असावे. बाकाखाली रचून ठेवलेले जॅकेट बोट उलटताना कोणाच्याही हाती लागत नाही. तिसरी, ठेका देताना बोलीच्या रकमेआधी सुरक्षिततेच्या अटी तपासाव्यात आणि मर्यादा ओलांडल्यास ठेका तत्काळ खंडित करावा.

याने गरीब नावाड्याचे पोट मारले जाईल, हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. वाराणसीच्या घाटावरील किंवा चिलिकातील नावाड्यावर नियमांचा सगळा खर्च लादला, तर तो नियमच चुकवील. जॅकेटांची घाऊक खरेदी, त्यांची धुलाई व दुरुस्ती शासनाने किंवा स्थानिक संस्थेने प्रवेश शुल्कातून करावी. नोंदणी फुकट आणि धक्क्यावरच व्हावी. प्रवासी जॅकेट नाकारतात ते बहुधा कळकट आणि घामट असते म्हणून. स्वच्छ जॅकेट हाही सुरक्षेचाच भाग आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात बुडून मरणाऱ्यांची संख्या वर्षाला ३५ हजारांहून अधिक आहे. त्यांत सहलीच्या बोटींचा वाटा लहान असेल. परंतु विहिरीत पाय घसरणे आणि तिकीट काढून बोटीत बसणे यांत फरक आहे. तिकिटाच्या मोबदल्यात कोणीतरी सुखरूप परतीची हमी दिलेली असते आणि त्या हमीवर शासनाच्या परवान्याचा शिक्का असतो. दुर्घटनेनंतर मालकाला अटक आणि वारसांना सानुग्रह मदत जाहीर करण्यास काही तास पुरतात. बोट सुटण्यापूर्वी माणसे मोजण्यास पाच मिनिटे लागतात. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आपल्या हद्दीतील धक्क्यांची यादी आणि तेथे ही पाच मिनिटे देणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव जाहीर करावे. त्यासाठी पुढच्या आयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही.