स्वच्छ वर्णपटाची अंधश्रद्धा

सीएसआयआर-नेट, गेट आणि जॅम या परीक्षा जवळ आल्या की समाजमाध्यमांवर ‘एनएमआरचा प्रश्न तीस सेकंदांत’ अशा चित्रफितींचा पूर लोटतो. त्या बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. जे विचारले जाते तेच ते शिकवतात. माझा आक्षेप विचारणाऱ्यांवर आहे. प्रोटॉन एनएमआरवरून रेणूची रचना ठरवणे ही पुराव्यांची छाननी आहे. आपण मात्र तिचे चार पर्यायांचे कोडे करून टाकले आहे, आणि त्या कोड्यातला वर्णपट कोणत्याही प्रयोगशाळेत कधीच मिळत नाही.

नेहमीचे उदाहरण घेऊ. रेणूत चार कार्बन, आठ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. वर्णपटात १.२६ पीपीएमला तीन प्रोटॉनांचा ट्रिप्लेट, २.०५ ला तीन प्रोटॉनांचा सिंगलेट, ४.१२ ला दोन प्रोटॉनांचा क्वार्टेट. उत्तर इथिल अॅसिटेट. मिथिल प्रोपॅनोएटमध्येही एक ट्रिप्लेट, एक क्वार्टेट आणि एक सिंगलेटच असतो. पण तेथे क्वार्टेट २.३ च्या आसपास येतो आणि सिंगलेट ३.६७ ला सरकतो, कारण ऑक्सिजनला चिकटलेला गट बदलतो. हा युक्तिवाद सुंदर आहे, तो शिकवलाच पाहिजे. तो शिकवू नये असे मी म्हणत नाही.

पण हाच विद्यार्थी पुढे पीएचडीला लागतो. हेक्झेन आणि इथिल अॅसिटेटच्या मिश्रणाने कॉलम चालवतो, द्रावक उडवून टाकतो, नमुना ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पाठवतो. परत आलेल्या वर्णपटात ७.२६ ला क्लोरोफॉर्मचे शिखर, १.५६ ला पाण्याचे, १.२६ ला ग्रीसचा फुगवटा, आणि ४.१२ ला एक चिमुकला क्वार्टेट. परीक्षेत ज्या क्वार्टेटसाठी त्याने पूर्ण गुण मिळवले तोच समोर उभा असतो आणि त्याला ओळखू येत नाही! कारण येथे पर्याय दिलेले नसतात, आणि त्याचा जोडीदार ट्रिप्लेट ग्रीसच्या फुगवट्यात दडलेला असतो.

ओळखला, तर त्यातून केवढी माहिती मिळते. समजा, उत्पादाच्या एका प्रोटॉनचे क्षेत्रफळ १ धरले असता या क्वार्टेटचे ०.२ भरले. क्वार्टेट दोन प्रोटॉनांचा, म्हणजे उत्पादाच्या दर दहा रेणूंमागे इथिल अॅसिटेटचा एक रेणू. उत्पादाचे रेणुवस्तुमान ३०० असेल तर वजनाने सुमारे ३ टक्के द्रावक शिल्लक आहे. तितके टक्के तुमच्या ‘यील्ड’मधून वजा झाले पाहिजेत. हे गणित आठवीच्या पातळीचे आहे. ते करण्याची सवय मात्र एमएस्सीनंतरही लागलेली नसते.

‘एन अधिक एक’ या नियमाचेही तेच. अॅसिटाल्डिहाइडच्या डायइथिल अॅसिटलमध्ये ऑक्सिजनशेजारच्या सीएच२ गटातले दोन प्रोटॉन एकमेकांशी समतुल्य नसतात, आणि साध्या क्वार्टेटऐवजी गुंतागुंतीचा मल्टिप्लेट दिसतो. रेणूत एकही असममित कार्बन नाही! नियम पाठ केलेला विद्यार्थी अशा वेळी नमुना अशुद्ध ठरवतो. रचना समजलेला विद्यार्थी त्याच मल्टिप्लेटला पुरावा मानतो.

ही केवळ अध्यापनातली उणीव असती तर एवढे लिहिले नसते. ‘ऑर्गेनिक लेटर्स’ या नियतकालिकाचे संपादक अमोस स्मिथ यांनी २०१३ मध्ये संपादकीयातून जाहीर केले की, लेखांसोबतच्या पूरक माहितीच्या तपासणीत अशुद्धींची शिखरे पुसलेले वर्णपट सापडले आहेत. ते संपादकीय भारताला उद्देशून नव्हते. रोग सार्वत्रिक आहे. परंतु ज्या पिढीला आपण पाच वर्षे केवळ पुसलेले वर्णपट दाखवतो, तिला पुसणे हा अपराध आहे हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिच्या लेखी ती नुसती टापटीप असते.

यावर ठरलेले उत्तर येते: यंत्रे महाग, द्रवरूप हेलियम महाग, महाविद्यालयांना कोठून परवडणार? हे उत्तर अर्धेच खरे आहे. वर्णपट वाचायला शिकण्यासाठी चुंबक लागत नाही, मूळ विदा लागते. यंत्रातून निघणारा कच्चा संकेत, म्हणजे एफआयडी, ही नेहमीच्या प्रोटॉन प्रयोगात ६५,५३६ आकड्यांची फाइल असते. प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तर पाव एमबी. व्हॉट्सअॅपवरचे सुप्रभाताचे चित्रही अनेकदा याहून जड असते. ती उघडून फूरिये रूपांतर करणे, फेज जुळवणे, बेसलाइन सरळ करणे, क्षेत्रफळे मोजणे हे मोफत सॉफ्टवेअरने साध्या संगणकावर होते.

आणि विदा देशात भरपूर आहे. यूजीसीच्या नियमांनुसार विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर जातात. रसायनशास्त्राच्या कितीतरी प्रबंधांच्या शेवटी वर्णपटांची पाने असतात, पण चित्रे म्हणून: आकसलेली, पुसट, क्षेत्रफळ पुन्हा मोजता न येणारी. त्यांच्या मूळ फाइली मार्गदर्शकाच्या एखाद्या हार्ड डिस्कवर पडून असतात आणि डिस्क बिघडली की जातात. सार्वजनिक पैशातून मिळवलेला पुरावा असा हरवू देणे याला काटकसर म्हणत नाहीत.

या विषयात आपण उपरे नाही, म्हणून ही हेळसांड अधिक खुपते. १९५१ मध्ये इथेनॉलचे तीन वेगळे प्रोटॉन-संकेत दाखवणाऱ्या स्टॅनफर्डच्या शोधनिबंधावर अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत एस. एस. धर्मट्टी यांचे नाव आहे. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये त्यांनी एनएमआरचा संशोधनगट उभा केला. १९८० च्या सुमारास प्रथिनांच्या रचनेसाठी द्विमितीय एनओई तंत्र विकसित करणाऱ्यांत अर्न्स्ट आणि व्यूथ्रिश यांच्यासह भारताचे अनिल कुमार होते.

तेव्हा मागण्या दोनच. विज्ञान शाखेतील प्रबंधासोबत प्रत्येक नव्या संयुगाची एफआयडी ‘शोधगंगा’वर जमा करणे यूजीसीने बंधनकारक करावे. आणि एमएस्सीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला अशी एक फाइल द्यावी, द्रावक, ग्रीस, पाणी यांसह, पर्यायांविना, दोन तासांसाठी. यासाठी नवे यंत्र लागत नाही; अभ्यासमंडळाचा एक ठराव पुरतो.