अडकित्ता गेला, विमान मिळालं

फक्त केबिन बॅग घेऊन फिरणाऱ्या आपल्या जमातीचं हे खास दुखणं आहे, मंडळी. मुलुंडची माझी एक मैत्रीण आजीकडून परत येताना आजीने हौसेने दिलेला पितळी अडकित्ता पर्समध्ये टाकून निघाली. एक्स-रे मशीनपाशी जवान म्हणाला, "मॅडम, ये नहीं जाएगा." मागे फिरून चेक-इन करायला वेळ कुठे होता? तीन पिढ्यांची सुपारी कातरलेला अडकित्ता गेला पेटीत, कुणाच्या तरी कात्री-पान्याच्या सोबतीला!

नियम चुकीचा आहे का? मुळीच नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ पळवलं गेलं, त्यात रुपिन कत्यालचा जीव चाकूच्या वारांनी गेला. अमेरिकेत तर सप्टेंबर २००१ पर्यंत ४ इंचांच्या आतलं पातं विमानात चालायचं!

माझा वैताग आहे तो क्रमावर. मोठी बॅग आधी जाते, हातातली नंतर तपासतात. काउंटरवरच कुणी विचारलं, "विळी, सुरी, अडकित्ता आहे का हो?" तर काय बिघडेल? तोवर आदल्या रात्री पर्स पलंगावर पालथी करा. पातं निघालंच, तर एक बॅग मुकाट्याने चेक-इनला द्या.