विश्लेषण : पदवीच्या वर्गात संशोधन आले, पण महाड-पोलादपूरच्या मुलांना मार्गदर्शक कोठून मिळणार?

महाडच्या बाजारपेठेत जुलै 2021 च्या पुराबद्दल विचारले, की बोलणारा आधी हात उचलून उंची दाखवतो. 'इथपर्यंत पाणी होते.' कोणी छातीपर्यंत, कोणी पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत. हीच उंची टेपने मोजली, घराची जागा मोबाइलवर नोंदवली आणि पाणी किती वाजता शिरले हे विचारून लिहिले, तर ती आठवण राहत नाही, नोंद होते. अशा शंभर नोंदी जमल्या की त्यातून पुराचा नकाशा उभा राहतो. हे काम बीए किंवा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करू शकतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. विचारणारा, शिकवणारा आणि सोबत चालणारा मात्र लागतो. खरी अडचण तिथेच आहे.

नेमके बदलले काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आले. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला ते 2024-25 पासून लागू झाले. रायगड जिल्हा याच विद्यापीठात येतो. नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडणारा प्रकल्प हे अभ्यासक्रमाचा भाग आहेत. 2 क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे साधारण 60 तासांचे काम. पूर्वी 'प्रोजेक्ट' म्हटले की झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीची फाइल आणून पहिले पान बदलायचे, ही वाट अनेकांना ठाऊक होती. ती आजही बंद झालेली नाही.

मोठा बदल चौथ्या वर्षाचा आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. थांबायचे असेल तर 'ऑनर्स' किंवा 'ऑनर्स विथ रिसर्च'. दुसऱ्या पर्यायासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के मिळवणाऱ्याला एमए-एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशाचे दार उघडे आहे. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलासाठी एक वर्ष वाचणे ही छोटी गोष्ट नाही.

मग अडते कुठे?

'ऑनर्स विथ रिसर्च' चालवायचे तर त्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, अशी यूजीसीची अपेक्षा आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयाला हे जड नाही. ग्रामीण भागात अनेक ठिकाणी एका विषयाचा सगळा भार एक कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाहतात. तिथे गुण 80 टक्के असले तरी मुलीला संशोधनाच्या चौथ्या वर्षासाठी गाव सोडावे लागेल. महाडहून मुंबई सुमारे 170 किलोमीटर, पोलादपूर त्याच्या पुढे 20. वसतिगृह, खानावळ, प्रवास यांचा हिशेब घातला की अनेक घरांत प्रश्न तिथेच संपतो. गुणवत्तेची अट सगळ्यांना सारखी आहे, ती पूर्ण केल्यावर वर्ग कोठे मिळणार हे मात्र पत्त्यावर ठरते. याला समान संधी म्हणणे कठीण आहे.

दुसरी अडचण वाचण्याची. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. योजना चांगली आहे यात वाद नाही. पण ती सुरू झाली सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ आहे, त्यामुळे ते या व्याख्येत बसते. खासगी शिक्षण संस्थांनी चालवलेली अनुदानित महाविद्यालये, म्हणजे कोकणातल्या बहुसंख्य मुलांची महाविद्यालये, त्या व्याख्येत बसत नाहीत. एकाच महामार्गावर काही किलोमीटरच्या अंतरात एका विद्यार्थ्याला शोधनिबंध उघडतो आणि दुसऱ्याला पैसे भरायची पाटी दिसते.

तोवर हाताशी काय आहे? 'शोधगंगा'वर देशभरातील पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या 'भूकोश' पोर्टलवर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे आहेत. महाविद्यालय इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेत असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागता येते. ते मागायचे असते हेच पुष्कळ मुलांना कोणी सांगितलेले नसते.

इथे शोधण्यासारखे काय आहे?

भरपूर. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाते. घाटात मुसळधार पाऊस आणि खाडीत भरती एकाच वेळी आली की महाडचे पाणी उतरत नाही. म्हणून पाणी शिरल्याची वेळ महत्त्वाची. भरतीचे वेळापत्रक आधीच छापलेले असते, ते घरोघरच्या नोंदींशेजारी ठेवले की किती दोष पावसाचा आणि किती भरतीचा, याचा अंदाज येऊ लागतो. जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेचा अर्थ 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषेचा 100 वर्षांतून एकदा येणारा. प्रत्यक्ष पाणी या रेषांच्या आत होते की बाहेर, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी मोजून विचारावा असाच आहे.

दरडींचेही तसेच. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई. 22 जुलै 2021 ला तळिये, जिथे 80 हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी. दरडींचे सरकारी नकाशे 1:50,000 या प्रमाणात आहेत. म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दीडशे मीटरची वाडी त्यावर 3 मिलिमीटरचा ठिपका होते. वाडीच्या वर कुठे भेग पडली, कोणता झरा अचानक गढूळ झाला, हे त्या नकाशात मावत नाही. ते तिथे राहणाऱ्या मुलाला दिसते.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. ज्यांच्या घरची माणसे ढिगाऱ्याखाली गेली त्यांच्याकडे दरवर्षी नवी तुकडी तीच प्रश्नावली घेऊन जाणार असेल, तर ते संशोधन नव्हे, छळ आहे. मागच्या तुकडीची माहिती आधी वाचा, मग दार ठोठवा.

मुलांनी मुलांना काय द्यायचे?

मार्गदर्शकांची कमतरता विद्यार्थी भरून काढू शकत नाहीत आणि तशी अपेक्षा करणे म्हणजे शासनाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालणे होईल. तरीही बरेच काही सोबत्यांकडूनच मिळते. वरच्या वर्गातल्या मुलीने आपली कोरी प्रश्नावली, एक्सेलची फाइल आणि झालेल्या चुका खालच्या वर्गाला दिल्या तर दोन महिने वाचतात. पुराच्या खुणा एकदा मोजून फारसा उपयोग नाही. पाच तुकड्यांनी त्याच जागी मोजल्या तर अभियंत्यालाही त्या लागतील. वाड्यांवर दोघींनी मिळून जाणे, परतीची शेवटची एसटी आधी विचारून ठेवणे, कोणाचे नाव पहिले येणार हे काम सुरू होण्याआधी ठरवणे, या गोष्टी पुस्तकात नसतात.

आणि कच्चे लिखाण ऐकणारे कोणी हवे. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. आधी वाचन, मग छपाई. 1927 साली ते चवदार तळ्यावर आले, त्याच वर्षी फर्ग्युसनमधल्या द. रा. कापरेकर या पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. कापरेकर पुढे देवळालीत शाळामास्तर राहिले, पदव्युत्तर शिक्षण नाही, आणि 6174 हा आकडा त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो.

आज अशा वाचनाची जागा 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा देते. ती 2006 पासून राज्यात होते आणि तिथे पदवी स्तराचा वेगळा गट असतो. भित्तिपत्रकासमोर उभे राहून परीक्षकाच्या प्रश्नाला 'हे आम्ही मोजलेले नाही' असे सांगता येणे हाही तिथला मोठा धडा. पैसे भरून चार दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात छापून देणाऱ्यांच्या मेसेजला मात्र उत्तर देऊ नये. त्या प्रमाणपत्राने पुढे अडचणच होते.

2024-25 ला प्रथम वर्षाला बसलेली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला येईल. दोन-तीन महाविद्यालयांनी मार्गदर्शक वाटून घ्यायचे, लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी करार करायचा, की मुंबई विद्यापीठाने महाडमध्ये एखादे सामायिक संशोधन केंद्र द्यायचे, हे त्याआधी ठरवावे लागेल. मुलांना अर्ज भरताना ते समजून उपयोग नाही. पाचव्या सत्रातच कळले पाहिजे, कारण 75 टक्क्यांची धावपळ तेव्हा सुरू असते.