तळ्याचे क्षेत्रफळ नव्हे, पाण्याचा उगम विचारा

घराच्या बागेत छोटेसे तळे बांधावयाचे झाल्यास प्रशासनाने नागरिकास काय विचारावे? तळ्याने किती जागा व्यापली, हा प्रश्न आपल्या नियमांना सहज सुचतो. त्यातील पाणी कोठून येणार, हा प्रश्न सुचत नाही. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेतील आच्छादित क्षेत्राची व्याख्या पाहावी. बाग, विहीर, हौद, कारंजे, उघडा जलतरण तलाव हे सर्व त्यातून वगळलेले आहे. हेतू रास्त आहे. तळ्यावर छप्पर नसते. तथापि 'मोजावयाचे नाही' याचा अर्थ 'पाहावयाचेही नाही' असा लावला जातो, आणि पाण्याचा हिशेब कोणाच्याच टेबलावर येत नाही.

झाशीत रेल्वेमार्गापलीकडे असलेला सीपरी बाजार उदाहरणादाखल घेऊ. बुंदेलखंडाच्या या भूमीत ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आहे. भूजल साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. असा साठा मर्यादित असतो व शेजारीपाजारी तो वाटून घेत असतात. येथे बोअरच्या पाण्यावर शोभेचे तळे भरणे हा खासगी छंद राहत नाही.

हिशेब सोपा आहे. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि सरासरी 60 सेंटिमीटर खोल तळ्यात 3,600 लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर रोज 48 लिटर पाणी उडून जाते. एप्रिलच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या 75 दिवसांत संपूर्ण तळ्याइतके पाणी नव्याने घालावे लागते. उलट 100 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील 80 टक्के अडविला, तर 64,000 लिटर पाणी हाती येते. म्हणजे 5,000 लिटरची एक टाकी पावसाळ्यात भरून राखून ठेवली, तर तळ्याची उन्हाळी तहान बोअरला हात न लावता भागते.

सबब नियम एका पानाचा असावा. पहिले, तळे व त्याची भर केवळ गच्चीवरील पावसाच्या पाण्याची असावी. दुसरे, जादा पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे न जाता शोषखड्ड्यात जावे; तळाला अस्तर असलेले तळे जमिनीत पाणी मुरवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. तिसरे, घराचा पाया, सामाईक भिंत आणि सेप्टिक टँक यांपासून तळे पुरेसे दूर असावे आणि खडक फोडण्यासाठी सुरुंग लावू नये. चौथे, लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी जाळी वा कठडा असावा व पंपाच्या विजेस गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण जोडलेले असावे. पाचवे, उन्हाळ्यात डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. म्हणून पाणी हलते ठेवावे वा गप्पी मासे सोडावेत.

काही अधिकारी म्हणतील, मग प्रत्येक तळ्यास परवानगी सक्तीची करा. हा उपाय मला मान्य नाही. परवानगीने पाणी वाचत नाही; एक शिक्का आणि एक खेप वाढते. नागरिकाने या पाच अटींचे स्वयंघोषणापत्र द्यावे, तक्रार आल्यास स्थळपाहणी व्हावी, भंग आढळल्यास दंड व्हावा. इतके पुरे.

कठोरपणा दाखवावयाचाच असेल, तर तो सार्वजनिक तळ्यांबाबत दाखवावा. 2001 मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातीलच तळ्याच्या जागेचे घरांसाठी झालेले वाटप अमान्य केले आणि तळी ही समाजाची संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. कायदा निःसंदिग्ध आहे. उणीव अंमलबजावणीची असते. झाशीत गंगाधरराव नेवाळकरांची छत्री ज्या लक्ष्मीतालाच्या काठी उभी आहे, तसल्या तळ्याची जागा बंगल्यांतील शंभर शोभिवंत तळी घेऊ शकत नाहीत.

ग्वाल्हेर, इंदूर, सागर वा झाशी, आपण मराठी मंडळी जेथे घर बांधून राहिलो तेथील भूजलावर शेजाऱ्याइतकाच आपला हक्क आहे, अधिक नाही. बागेत तळे अवश्य करावे. मात्र नकाशा काढणाऱ्यास पहिला प्रश्न पाण्याच्या उगमाचा विचारावा आणि नगरपालिकेनेही तोच विचारावा, असा आग्रह धरावा.