बाईच्या अंगात येतं, मार शेजारणीला?

पोंभुर्णेकरांनो, स्पष्टच बोलतो.

ऑगस्ट 2021. आपलाच जिल्हा, जिवती तालुक्यातलं वणी खुर्द. भानामतीच्या संशयावरून 7 जणांना, म्हाताऱ्या माणसांनाही, बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. गुन्हा दाखल झाला, पण मार बसल्यावर!

कोणी म्हणेल, "पण बाईचा आवाज बदलतो, ती दुसरंच नाव सांगते, नंतर तिला काही आठवत नाही. हे खोटं काय?" नाही, खोटं नाही. म्हणूनच तर डॉक्टर पाहिजे! एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी, मधल्या वेळेची आठवण पुसलेली, स्वतःचंच शरीर परकं वाटणं, ही विघटनाच्या मानसिक आजाराची लक्षणं असू शकतात. मुळाशी बहुतेकदा लहानपणी सोसलेला अत्याचार असतो. सिनेमात दाखवतात तशी ही माणसं दुसऱ्याच्या जिवावर उठत नाहीत; धोका त्यांच्या स्वतःच्याच जिवाला जास्त.

देवीच्या जत्रेत घटकाभर अंगात आलं अन् उतरलं, तो आजार नव्हे. पण नको असताना वारंवार होतंय, कामधंदा बुडतोय, तर उपचार हवाच. मिरचीची धुरी अन् चटके म्हणजे आधीच मार खाल्लेल्या जिवाला पुन्हा मार. अन् तिच्या तोंडून निघालेलं शेजारणीचं नाव हा पुरावा नाही!

चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. टेलिमानसचा 14416 नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मांत्रिकाचा नंबर गावाला पाठ, मग हा का नाही? प्रत्येक ग्रामपंचायतीनं तो भिंतीवर रंगवावा. येत्या ग्रामसभेत विचारा!