भुकेचीही चव असते

कोरियाला गेलेला प्रवासी बिबिम्बाप नि बुल्गोगीची तारीफ करीत परततो. माझे म्हणणे एवढेच, की त्याने बुदे जिगेही खावे. १९५०-५३ च्या युद्धानंतर अन्नान्नदशा झाली, तेव्हा अमेरिकी लष्करी तळांवरून मिळेल ते हॅम-सॉसेज तिथल्या लोकांनी किमची नि तिखटात शिजवले. कोंड्याचा मांडा तो हाच! सोलजवळचे उइजंगबू शहर आज याच रश्श्यासाठी प्रसिद्ध आहे.

पूर्वी वसंतात घरातला तांदूळ संपे, शेतातले जव पिकायचे असत. त्या उपासमारीच्या दिवसांना कोरियन माणूस ‘जवाची खिंड’ म्हणे. जवाचा भात, बोरिबाप, आता तिथे हौसेने खातात. राजवाड्यातली पक्वान्ने राजाचे वैभव सांगतात. हा भात प्रजेची जिद्द सांगतो. गरिबाच्या अन्नाची लाज न बाळगता ते पाहुण्यापुढे मांडणारा देश मला खरा श्रीमंत वाटतो.